मानदुखी, योग आणि बाईचा अर्धा तास

(स्त्री-संघटनांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'जुनाट मानदुखी आणि योग' असा विषय छापलेला पाहून कालच दोघींनी मला हटकलं. एकीचं म्हणणं असं की, हिंसाचाराचे, रेशनचे, मजुरीचे एवढे प्रश्न समोर असताना आपण आसनं कुठे करत बसायची? दुसरीचं नेमकं उलटं. ती म्हणाली, "ताई, योगानं सगळं बरं होतं. तुम्ही फक्त आसनं दाखवा, भाषण राहू द्या." मला आज या दोघींशीही थोडं भांडायचं आहे.

सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही, योगशिक्षिकाही नाही. एम.एस.डब्ल्यू. केल्यापासून गेली दहा-बारा वर्षं सोलापुरात विडी वळणाऱ्या आणि शिलाईकाम करणाऱ्या बायकांच्या वस्त्यांमध्ये काम करते. मानदुखीचा विषय मी शोधायला गेले नव्हते. गटाच्या बैठकीत हिशेब चालू असताना बायका एका हातानं पासबुक धरतात आणि दुसऱ्या हातानं मानेमागचा भाग दाबत बसतात, हे रोज दिसत होतं. कोणी ते दुखणं म्हणून सांगत नव्हतं. आपल्याकडे बाई दुखणं कामाच्या भाषेत सांगते. "अक्का, मला आता हजार होत नाहीत, आठशेवरच हात थांबतो." ही तिची तक्रार. मजुरी कमी झाली ही. मान दुखते हे त्याच्या मागून, आपण विचारलं तर.

विडीचं काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाई जमिनीवर बसते, मांडीवर सूप. सुपात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. पान हातात घ्यायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, टोकं दुमडायची, दोरा बांधायचा. नजर सुपातून वर उचलली की वेग गेला. म्हणून मान खाली, खांदे पुढे आलेले, पाठ गोल, आणि बोटं सोडली तर बाकी शरीर तासन् तास जागच्या जागी. शिलाईवालीचं थोडं वेगळं. सोलापुरात शाळेच्या गणवेशांचं काम मोठं आहे. पुष्कळ बायका घरीच मशीन टाकून नगावर कापड शिवतात. मशीन एका उंचीचं, खुर्ची दुसऱ्या उंचीची, उजेड तिसऱ्याच बाजूनं. आणि आता यात मोबाइलची भर पडली आहे. इथे समोर आशाताई बसल्या आहेत, त्या हसताहेत. दिवसभर घरभेटी आणि रात्री मान वाकवून ॲपमध्ये माहिती भरणं! त्यांना 'कामगार' म्हणायला सरकार तयार नाही, पण त्यांची मान कामगाराचीच आहे.

हे सगळं झालं मोबदल्याचं काम. त्याच्या आधी आणि नंतर पाणी भरणं, कपडे पिळणं, भाकरी थापणं, लेकरू कडेवर घेणं. यातली प्रत्येक गोष्ट मानेच्या आणि खांद्याच्या त्याच स्नायूंवर येते.

माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. मानेचे सात मणके आणि त्यांच्याभोवतीचे स्नायू ते तोलून धरतात. मान सरळ असते तेव्हा हा भार हाडांवरून खाली उतरतो. मान पुढे वाकली की डोकं लोंबायला लागतं आणि मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं. भरलेली कळशी अंगाशी धरून उभं राहणं आणि तीच हात लांब करून धरणं यात जो फरक आहे, तोच इथे. थोडा वेळ चालतं. रोज आठ-दहा तास, वर्षानुवर्षं केलं की स्नायू आखडतात, त्यांना विश्रांती मिळत नाही. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट म्हणतात. एवढं रेंगाळलेलं दुखणं नुसतं मानेतलं राहत नाही. मज्जासंस्था जास्त हळवी होते, झोप बिघडते, चिंता वाढते, आणि चिंता वाढली की खांदे पुन्हा कानांकडे चढतात. नवरा दारू पिऊन कधी येईल याचा कानोसा घेत जागणाऱ्या बाईचे खांदे कसे असतात ते तुम्हीही पाहिलं असेल. जगभर पाहणी झाली आहे, मानदुखी पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळते. त्याची सगळी कारणं शरीरातच शोधायची गरज नाही असं माझं मत आहे.

मग बाई उपाय काय करते? आधी बाम. मग मेडिकलच्या दुकानातून सुटी गोळी. ही गोळी रोजची झाली की पोटात जळजळ, पुढे रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे त्रास, पण तेव्हा त्या त्रासाचा आणि गोळीचा संबंध कोणी जोडत नाही. कोणी चोळून घेते, कोणी हाडवैद्याकडे मान मोडून घेते. झटका देऊन मान मोडणं धोक्याचं आहे, ते अजिबात करू देऊ नका. फारच झालं तर दवाखाना. तिथे एक्स-रे निघतो, 'गॅप पडलाय', 'मणके झिजलेत' असं सांगतात, गळ्यात पट्टा येतो आणि 'आराम करा' असा सल्ला. एक्स-रेबद्दल एक गोष्ट बायकांना मुद्दाम सांगायला हवी. वयाप्रमाणे मणक्यांत असे बदल ज्यांची मान कधीच दुखली नाही त्यांच्याही एक्स-रेत दिसतात. 'गॅप' ऐकून बाई इतकी घाबरते की मान हलवायचंच बंद करते, आणि न हलवलेली मान आणखी आखडते. पट्ट्याचंही तसंच. डॉक्टरांनी सांगितला तेवढेच दिवस वापरावा, वर्षभर बांधून ठेवला तर स्नायू कमजोर होतात.

आता योगाकडे येते. 'योगानं सगळं बरं होतं' म्हणणाऱ्या मैत्रिणीला आधी उत्तर देते. काय सिद्ध झालं आहे आणि काय नाही, हे आपण नीट पाहायला हवं. आपण अंगारे-धुपाऱ्यांना पुरावा विचारतो, तसा योगालाही विचारला पाहिजे.

मानदुखीवरचे जे अभ्यास मी वाचले त्यांतले दोन सांगते. एक जर्मनीतला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. त्याचं मूळ मात्र आपल्या पुण्यात आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात शिकवायला आले आणि २०१४ साली तिथेच वारले. भिंत, खुर्ची, पट्टा, दोर, घड्या घातलेल्या चादरी यांचा आधार घेऊन आसन करायचं, म्हणजे आखडलेल्या, आजारी, वयस्क माणसालाही ते जमतं, ही त्यांची पद्धत. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी स्त्रियांसाठी वेगळं पुस्तक लिहिलं, त्यात पाळी, गरोदरपण, उतारवय यांचा विचार केला. (त्याच्याही पुष्कळ आधी, १९३४ साली, मुंबईच्या सीतादेवी योगेंद्र यांनी स्त्रियांच्या योगावर पुस्तक लिहिलं होतं. योगाच्या इतिहासात गुरूंचीच नावं येतात, म्हणून या दोघींची मुद्दाम घेतली.) तर जर्मनीतल्या अभ्यासात जुनाट मानदुखीची ५१ माणसं होती, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नऊ आठवडे अय्यंगार पद्धतीचा योगवर्ग, दुसऱ्याला घरी करायच्या व्यायामाची पुस्तिका. शेवटी योगाच्या गटातलं दुखणं जास्त कमी झालं होतं. वर्षभरानं पुन्हा विचारपूस केली तेव्हा दिसलं की, सुधारणा टिकण्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट होती सराव चालू ठेवणं. हे वाक्य लक्षात ठेवा, मी परत त्याच्याकडे येणार आहे.

दुसरा अभ्यास बंगळूरचा, २०१० सालचा. साठ रुग्ण, दहा दिवस. फिजिओथेरपी दोन्ही गटांना दिली. त्यानंतर एका गटाला नादाचा वापर करून शरीर सैल सोडण्याची योगपद्धत आणि दुसऱ्याला नुसतं पडून राहायला सांगितलं. पहिल्या गटाचं दुखणं, ताठरपणा आणि चिंता जास्त कमी झाली. 'पूरक उपचार' म्हणतात तो असा. फिजिओथेरपी काढून टाकली नव्हती, तिच्या जोडीला योग दिला होता.

या अभ्यासांच्या मर्यादाही सांगते. माणसं थोडी आहेत, काळ थोडा आहे. गोळीच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, खोटं आसन देता येत नाही, त्यामुळे आपल्याला काय मिळतंय हे प्रत्येकाला ठाऊक असतं आणि मनाची आशा त्यात मिसळते. जर्मनीतल्या अभ्यासात एका बाजूला शिक्षक आणि सोबतीची माणसं होती, दुसऱ्या बाजूला घरी एकट्यानं उघडायची पुस्तिका. मग फायदा आसनाचा किती आणि आठवड्यातून एकदा घराबाहेर पडून, कोणीतरी आपल्याकडे लक्ष देऊन पाहण्याचा किती? संशोधकांना ही अडचण वाटते. मला संघटनेची कार्यकर्ती म्हणून त्यात फार मोठी गोष्ट दिसते. पुढे अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावाही घेतला गेला, त्यातून थोड्या काळासाठी दुखणं आणि त्यामुळे अडणारी कामं यांत फायदा होतो असा कल दिसतो. याच्यापलीकडे, योगानं झिजलेला मणका भरून येतो, गादी जागेवर बसते, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आमच्या वस्तीत आम्ही काय केलं ते सांगते. हा काही अभ्यास नव्हे, अनुभव आहे. आधी एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी प्रत्येकीला तपासलं. मग आठवड्यातून दोनदा समाजमंदिरात वर्ग. योगशिक्षिका मराठीतून सांगायच्या आणि आमची एक कार्यकर्ती तेलुगूतून. 'खांद्याची पाती आत घ्या' याचं तेलुगू करताना जो गोंधळ व्हायचा, त्यानंच निम्म्या जणी सैल पडायच्या.

साधनं काही विकत आणली नाहीत. पट्ट्याऐवजी जुन्या साडीची पट्टी, लोडाऐवजी गुंडाळलेली गोधडी, आणि भिंत. भिंतीला पाठ लावून नुसतं नीट उभं राहायचं, टाचा, पाठ, शक्य तर डोकं टेकवून. हे ताडासन. पुष्कळ जणींचं डोकं भिंतीपर्यंत पोहोचतच नव्हतं. ओढून न्यायचं नाही, पोहोचेल तिथे थांबायचं. मग भिंतीकडे तोंड करून दोन्ही हात भिंतीवर टेकायचे आणि कमरेतून वाकत मागे सरकायचं, म्हणजे बगला आणि पाठ मोकळी होते. खुर्चीवर आडवं बसून, पाठ धरून, धडानं वळायचं, त्याला भारद्वाजासन म्हणतात. मान शेवटी वळते, आधी बरगड्या. हातांची बोटं गुंफून डोक्यावर ताणायची. शेवटी गोधडीची घडी डोक्याखाली आणि लोड गुडघ्यांखाली घेऊन दहा मिनिटं शवासन. गंमत म्हणजे मानेसाठी म्हणून घेतलेल्या या वर्गात मानेला फारसं काही करायचंच नव्हतं. सगळं काम खांदे, छाती आणि पाठीचं. ती जागेवर आली की मानेवरचं ओझं आपोआप उतरतं.

शवासन सर्वांत अवघड गेलं. डोळे मिटून, हातपाय सोडून, उताणं, काही न करता पडायचं! एक मावशी पहिल्या दिवशी उठूनच बसली. "अशी मी मेल्यावर पडंन," म्हणाली. तिला बाई उताणी पडलेली शोभत नाही हे लहानपणापासून सांगितलेलं. आम्ही दार आतून लावलं, अंगावर चादर घ्यायची मुभा दिली, कुशीवर झोपून करायलाही परवानगी दिली. तिसऱ्या आठवड्यात तीच मावशी घोरत होती आणि तिला उठवायचं कसं यावर बाकीच्या खुसखुसत होत्या.

मानदुखीच्या बाईनं काय करू नये हेही ठळक सांगते. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन अजिबात नको. मान गरागरा गोल फिरवणंही नको. टीव्हीवर पाहून तर यातलं काहीच नको. आणि शिक्षिका हात लावून आसन सुधारणार असेल तर तिनं आधी विचारलं पाहिजे. ज्या बाईच्या अंगावर घरी हात उचलला जातो, तिच्या मानेला मागून कोणी अचानक स्पर्श केला तर काय होतं ते आम्ही पाहिलं आहे. आमच्या वर्गात 'हात लावू का?' हा प्रश्न नियम झाला. काही जणींना आयुष्यात पहिल्यांदा हे कोणी विचारलं होतं.

आता जे सांगणार आहे ते कार्यकर्त्यांनी लिहूनच घ्या. वर्गात नाव लिहिण्याआधी प्रत्येकीला काही प्रश्न विचारायचे. हाताला बधिरपणा किंवा मुंग्या आहेत का, हातातून वस्तू गळून पडते का, चालताना तोल जातो का, लघवी-शौचावरचा ताबा सुटतो का? संध्याकाळी ताप येतो का, वजन उतरलंय का? आपल्याकडे मणक्याचा क्षय अजून आहे, हे विसरू नका. पूर्वी कर्करोग झालेला आहे का, रात्री दुखण्यानं जाग येते का? पडल्यावर किंवा अपघातानंतर दुखणं सुरू झालं का? मानेबरोबर छातीत किंवा जबड्यात कळ येते, दम लागतो, घाम येतो का? यांतल्या कशालाही 'हो' आलं की आधी डॉक्टर. छातीची कळ असेल तर त्याच क्षणी हॉस्पिटल.

आणि एक प्रश्न एकांतात विचारायचा. कोणी गळा दाबला होता का? बाई सांगते ते एवढंच की मान दुखतेय, गिळताना त्रास होतोय, आवाज बसलाय. पुष्कळदा गळ्यावर वळ दिसतही नाहीत. पण आत रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते आणि तिचा परिणाम काही तासांनी, कधी काही दिवसांनी लकव्याच्या रूपानं दिसू शकतो. अशा बाईला सतरंजीवर झोपवून श्वास घ्यायला शिकवणं हा गुन्हाच होईल. तिला हॉस्पिटलमध्ये न्यायचं, गळा दाबल्याचं डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगायचं, त्याची नोंद होते आहे ना हे पाहायचं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यानुसार अशा स्त्रीला वैद्यकीय मदत देणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात 'दिलासा' केंद्र दोन दशकांहून अधिक काळ हेच काम करत आलं आहे, हॉस्पिटलमध्ये आलेल्या बाईच्या दुखण्यामागची हिंसा ओळखण्याचं. पुढे नवरा गळा दाबण्यापलीकडे जाऊ शकतो, ही धोक्याची घंटा असते. ज्या मैत्रिणीनं मला विचारलं की हिंसाचार सोडून आसनं कशाला, तिला माझं उत्तर हे आहे. मानदुखीचा वर्ग घेतला म्हणून आमच्याकडे अशा दोघी पोहोचल्या. 'हिंसाचार निवारण केंद्र' अशी पाटी लावली असती तर त्या आल्या नसत्या.

आता त्या वाक्याकडे परत येते. सराव चालू ठेवणाऱ्यांना फायदा टिकला. ठीक. आपल्या बाईनं सराव चालू ठेवायचा कधी आणि कुठे?

केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत असं निघालं की, घरच्यांसाठीचं बिनमोबदल्याचं घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. यात फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे. जे काडीही हलवत नाहीत ते त्या हिशेबात धरलेलेच नाहीत! घरकामाच्या पावणेपाच तासांत विड्यांचे आठ-नऊ तास मिळवा, मग अर्धा तास कुठून काढता ते मला सांगा.

आमच्या वर्गात तीन महिन्यांनी निम्म्याहून अधिक जणी घरी सराव करत नव्हत्या. आळशीपणा नव्हता. एका खोलीत सहा माणसं. सासरा दारात बसलेला. साडी गुडघ्यापर्यंत सरकली की सासूबाईंचा शेरा. पोरगा "आई, काय सर्कस करतीस" म्हणतो. एकीनं पहाटे पाचला सुरू केलं, तर नवरा म्हणाला, जागीच आहेस तर चहा टाक. जर्मनीतल्या अभ्यासात असा रकाना नव्हता.

म्हणून आम्ही घरी करायचा आग्रह सोडला आणि सरावाची जागा बदलली. विड्या वळायला ज्या पाच-सहा जणी एका ओट्यावर बसतात, त्यांनीच ठरवलं की दर दोनशे विड्यांनंतर सगळ्यांनी एकदम उठायचं. सूप खाली. भिंतीला हात, पाठ लांब, आठ-दहा श्वास. हात वर. पुन्हा बसायचं, आणि बसताना ढुंगणाखाली गोधडीची घडी, सुपाखाली उशी, म्हणजे सूप वर येतं आणि मान कमी वाकते. दोन-तीन मिनिटांचं काम. एकटी उठली तर 'काम चुकवते', सगळ्या उठल्या तर कोणी काही बोलत नाही, हे त्यांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही. विड्या कमी झाल्या का? आठवडाभर थोड्या झाल्या. मग त्याच बायकांनी सांगितलं की संध्याकाळच्या शेवटच्या दोनशेला हात आता तितका अडखळत नाही. मोजमाप म्हणून मी हे पुढे करत नाही.

दोन-तीन घरांत मात्र वाटाघाटी झाल्या. एका गटानं नवऱ्यांची बैठक बोलावली आणि फक्त एवढंच मागितलं की वर्गाच्या दोन संध्याकाळी पाणी पुरुषांनी भरायचं. भांडणं झाली. एक जण बैठकीतून उठून गेला. पण दोघांनी भरलं, आणि त्यातला एक अजून भरतो. त्याचं कौतुक वस्तीत इतकं झालं की मला रागच आला, बायका जन्मभर भरतात त्याचं कोणाला काही नाही.

आता मालकांविषयी. २०१५ पासून २१ जूनला योग दिन साजरा होतो. एका शिलाई युनिटमध्ये त्या दिवशी बायकांना सकाळी तासभर लवकर बोलावलं. त्या तासाचा पगार नाही. रांगेत उभं करून फोटो काढले, ते फोटो भिंतीवर लागले. बायकांनी वर्षभरापूर्वी पाठ टेकायला खुर्च्या आणि मशीनजवळ उजेड मागितला होता. तो अर्ज तसाच पडून होता. उलट आता तक्रार केली की सुपरवायझर म्हणतो, "योग शिकवला ना, घरी करत नाही का?" मैत्रिणींनो, ही जुनी चलाखी आहे. मूल कुपोषित, तर आईला आहाराचं ज्ञान नाही. मान दुखते, तर बाई योग करत नाही. दुखण्याचं कारण कामाच्या मांडणीतून उचलून बाईच्या चुकीत नेऊन ठेवायचं. योगवर्ग सुरू करताना त्याच कागदावर खुर्ची, उजेड, सुट्टीची दहा मिनिटं आणि शौचालय या मागण्या लिहा. तो शेवटचा शब्द उगाच नाही. शौचालय नाही म्हणून बाई पाणी पीत नाही, जागेवरून उठत नाही, आणि न उठल्यानं मान आखडते.

आणखी एक प्रश्न काल चहाच्या वेळी एका मुस्लिम मैत्रिणीनं हळूच विचारला, तो मोठ्यानं बोलण्यासारखा आहे. आमच्या वर्गात पद्मशाली, दलित, मुस्लिम अशा सगळ्या होत्या. शिक्षिकेनं पहिल्या दिवशी प्रार्थना आणि ओंकार सुरू केला. दोघी गप्प राहिल्या आणि पुढच्या वेळी आल्याच नाहीत. आम्ही त्यांच्या घरी गेलो, मग सगळ्यांसमोर चर्चा ठेवली. चर्चा तापली. "ओम म्हटलं तर काय बिघडलं," असंही झालं. शेवटी ठरलं की वर्गाची सुरुवात शांत श्वासानं करायची, घरी जिनं तिनं हवं ते म्हणावं. बंगळूरच्या अभ्यासात नादाचा उपयोग केला होता हे खरं, पण जर्मनीतल्या वर्गाचा भर आसनांवर होता आणि तिथेही आराम पडला. मानेचा स्नायू धर्म विचारत नाही. वर्गाला मात्र तो विचारायची खोड लागू शकते, म्हणून पहिल्याच दिवशी हे बोलून घ्या. त्या दोघी परत आल्या. त्यातली एक आज आमच्या ओट्यावर 'उठा गं' म्हणून हाक देते.

माझं बोलणं एवढंच. तुमच्या गावी हे सुरू करायचं असेल तर सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग आहे का ते आधी पाहा, तिथल्या ताईंना एकदा वस्तीत आणा, आणि शिक्षिका निवडताना तिनं दुखणाईत माणसांना शिकवलंय का हे विचारा. फी किती ते नंतर. महिन्यातून एकदा बायकांना विचारून वहीत लिहा, कोणाचं दुखणं कमी झालं, कोणाचं वाढलं. वाढलं असेल तिला थांबवा आणि परत तपासणीला पाठवा.

आता सतरंज्या गोळा करून भिंतीची बाजू मोकळी करूया. दार लावून घ्या. ज्यांच्या हाताला मुंग्या येतात, ज्यांना चक्कर येते, ज्या गरोदर आहेत, त्या आधी माझ्याकडे या. तुम्हाला आज खुर्ची. बाकीच्यांनी चपला काढा, पदर खोचा आणि भिंतीपासून हातभर अंतरावर उभ्या राहा.